बिनकर्जी व्यवसायाचे शिक्षण कर्ज देणाऱ्यांच्या हाती नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नवा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांतून जे मार्गदर्शन प्रसिद्ध होते, त्यातील बहुतेक मजकूर भांडवल कसे उभे करावे या एकाच प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कर्ज हेच असते. अर्ज कसा भरावा, प्रकल्प अहवालात काय लिहावे, तारण कशाचे चालते, हप्ता किती बसेल, ही सर्व माहिती ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी उपयुक्तच आहे. परंतु ज्याला कर्ज घ्यायचेच नाही, ज्याला ते कोणी देणार नाही, किंवा ज्याने एकदा घेतलेल्या कर्जाचे चटके सोसले आहेत, अशा माणसाने व्यवसायाचे शिक्षण कोठे घ्यावे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. अशा लोकांसाठी वस्तीपातळीवर मोफत चालणाऱ्या प्रशिक्षण वर्गांविषयी हे पत्र आहे. मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्याचे काम करीत आलो आहे आणि अशाच एका वर्गात हिशेबाचा भाग शिकवतो. त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझे म्हणणे असे आहे की, असे वर्ग जागोजागी व्हावेत, पण ते चालवणाऱ्याचा कर्ज खपवण्यात कोणताही स्वार्थ नसावा, आणि कर्जाची जागा कशाने भरून काढायची हे त्यांत प्रत्यक्ष करून घेतले जावे. 'ऋण काढून सण करू नये' हे सर्वांनाच ठाऊक आहे. तेवढ्यासाठी संध्याकाळी काम सोडून वर्गाला येण्याची गरज नाही.

लहान व्यवसायाला लहान कर्ज हाच उपाय, ही समजूत गेल्या काही दशकांत जगभर रुजली. अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांच्या प्रयोगातून १९८३ मध्ये बांगलादेशात गरिबांना लहान कर्जे देणारी 'ग्रामीण बँक' उभी राहिली आणि २००६ चे नोबेल शांतता पारितोषिक युनूस आणि ती बँक यांना मिळून देण्यात आले. ज्यांच्यासमोर सावकाराखेरीज दुसरे दार नव्हते त्यांच्यासाठी हे काम मोठे होते, यात शंका नाही. मात्र कर्ज मिळाले म्हणजे व्यवसाय उभा राहतो आणि घराचे दिवस पालटतात, हा जो पुढचा निष्कर्ष काढला गेला, तो तपासाला उतरला नाही. बोस्निया, इथिओपिया, भारत, मंगोलिया, मेक्सिको आणि मोरोक्को या देशांत अशा लहान कर्जांचे, म्हणजे सूक्ष्मकर्जाचे, जे सहा काटेकोर अभ्यास झाले, ते २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध करण्यात आले. त्यांचा गोषवारा मांडताना अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, डीन कार्लन आणि जोनाथन झिनमन यांनी परिणाम माफक आणि काहीसा अनुकूल, परंतु आयुष्य पालटून टाकणारा नाही, असे म्हटले आहे. दुसऱ्या टोकाला, आंध्र प्रदेशात २०१० मध्ये एकाच घरावर अनेक सूक्ष्मकर्ज संस्थांची कर्जे चढली, वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि अखेर राज्य सरकारला या संस्थांना आवर घालण्यासाठी अध्यादेश काढावा लागला.

या सर्वात मला सर्वांत बोलका वाटतो तो कोलकात्यातील एक प्रयोग, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मकर्जाचा पहिला हप्ता साधारणपणे दोन आठवड्यांतच सुरू होतो. काही कर्जदार महिलांना तोच हप्ता दोन महिन्यांनी सुरू करण्याची मुभा देण्यात आली. कर्ज आणि व्याजदर तेच होते. फरक होता तो केवळ सुरुवातीच्या मोकळ्या दिवसांचा. ज्यांना ही मुभा मिळाली त्यांनी व्यवसायात अधिक पैसे घातले आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. कर्ज थकण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक राहिले, हे लपवण्याचे कारण नाही. धोका पत्करणाऱ्यांतील काही जण आपटणारच. परंतु हप्त्याचा दिवस डोक्यावर असला की माणूस जे लवकर विकले जाईल तेच करतो, जे चांगले पिकायला वेळ लागेल ते करत नाही, ही गोष्ट त्यातून उघड होते. ज्याच्यावर हप्ताच नाही, त्याला ही मोकळीक आपोआप मिळते. त्या मोकळ्या वेळाचे काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते, एवढीच त्याची अडचण असते, आणि प्रशिक्षणाचे खरे काम तेथून सुरू होते.

आता प्रशिक्षण कोण देतो, या प्रश्नाकडे येतो. मोफत म्हणून जाहीर झालेले अनेक वर्ग शेवटच्या दिवशी कर्जाच्या अर्जापाशी येऊन थांबतात. कोणी वित्तसंस्था वर्गाचा खर्च उचलते, कोणी यंत्रविक्रेता उचलतो, कोणी कच्चा माल पुरवणारा उचलतो. त्यात बेकायदा असे काही नाही आणि शिकवणारे पुष्कळदा मनापासून शिकवतात. तरीही खर्च उचलणाऱ्याला काय हवे आहे ते अभ्यासक्रमात झिरपतेच. नमुन्याच्या प्रकल्प अहवालात पहिल्याच ओळीत यंत्राची किंमत आलेली असते. ते यंत्र आठवड्यातून दोन दिवस भाड्याने मिळते का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मागणीचा अंदाज कर्जाच्या रकमेला साजेसा आणून बसवला जातो. ज्याने काहीही न घेता केवळ शिकून घरी जायचे ठरवले, त्याचे नाव अहवालात अपयशाच्या रकान्यात जाते. म्हणून वर्ग मोफत आहे एवढे कळून भागत नाही; तो कोणाच्या पैशाने मोफत आहे, हे विचारले पाहिजे.

अशा वर्गात काय शिकवावे, याबद्दल माझा अनुभव सांगतो. कापडी पिशव्या शिवून विकणाऱ्या एका बाईंनी वर्गात आपला हिशेब फळ्यावर मांडला. कापड, दोरा, चेन, अस्तर यांचा खर्च त्यांनी नेमका लिहिला. पैसा न् पैसा त्यांना पाठ होता. विक्रीच्या किमतीतून तो वजा करून जे उरले त्याला त्यांनी नफा म्हटले, आणि वर्गातील इतरांनीही मान डोलावली. मग एका पिशवीला वेळ किती लागतो, असे विचारल्यावर त्यांनी केवळ शिवण्याचा वेळ सांगितला. कापड आणायला जाणे, बेतणे, कापणे, उसवून पुन्हा शिवावी लागलेली पिशवी, गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात गेलेली दुपार, हे एकेक करून वाढवत गेलो तसा फळ्यावरचा वेळ जवळजवळ तिप्पट झाला. उरलेल्या रकमेला त्या तासांनी भागले तेव्हा त्यांना दुसऱ्याकडे मजुरीने शिवून जे मिळाले असते त्याहून कमी रक्कम निघाली. शिवणयंत्राची झीज, म्हणजे हिशेबाच्या भाषेत घसारा, तर अजून धरलाच नव्हता. या बाईंना त्या आठवड्यात दुसरे यंत्र घेण्यासाठी कर्ज मिळाले असते, तर एका यंत्रावर होणारा तोटा दोन यंत्रांवर झाला असता. त्यांनी पुढे आकारांचे प्रकार कमी केले, एकाच नमुन्याच्या पिशव्या एका वेळी कापायला सुरुवात केली आणि किंमत वाढवली. काही जुनी गिऱ्हाइके गेली, काही राहिली.

कर्जाविना सुरुवात करणाऱ्यासाठी लहानपणा ही सक्ती असते, पण तिचा उपयोग करून घेता येतो. सरस सरस्वती या संशोधिकेने अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करून २००१ मध्ये जी मांडणी केली, तिच्यात एक सूत्र असे आहे की, हे लोक 'यातून किती मिळेल' याआधी 'यात किती गेले तरी आपल्याला झेपेल' हे ठरवतात. आमच्या वर्गात प्रत्येकाला हा आकडा लिहायला लावतो आणि तो घरातल्या माणसांना विचारून लिहायला सांगतो, कारण एकट्याने लिहिलेला आकडा नेहमी फुगलेला असतो. त्या आकड्याच्या आत बसेल असा व्यवसायाचा लहानात लहान नमुना शोधायचा, म्हणजे दुकान घेण्याआधी आठवड्यातून एका दिवसाची मांडणी, यंत्र घेण्याआधी भाड्याचे यंत्र, माल भरून ठेवण्याआधी मागणीप्रमाणे माल. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण सर्वांना येते. अंथरूण मोजायचे कसे, हे मात्र शिकावे लागते.

भांडवलाचा सर्वांत स्वस्त स्रोत गिऱ्हाईक असतो, कारण त्याने दिलेल्या आगाऊ रकमेवर व्याज नसते. परंतु आगाऊ रक्कम मागणे हे माणसाला किती जड जाते, याची कल्पना वर्गात बसल्याशिवाय येत नाही. आम्ही जोड्या करून त्याचा सराव घेतो. एकाने गिऱ्हाईक व्हायचे, दुसऱ्याने त्याला सांगायचे की अर्धी रक्कम आज दिलीत तर काम उद्या सुरू करतो आणि उरलेली काम हाती देताना घेतो. एवढे एक वाक्य बोलताना चांगली बोलकी माणसे अडखळतात, हसण्यावारी नेतात, 'जमलं तर द्या, नाही तर राहू द्या' असे शेपूट लावतात. त्या शेपटाने सगळा घोळ होतो. चार-पाच वेळा बोलून झाल्यावर वाक्य सरळ निघते. जगातील कोणत्याही व्यवसाय-शिक्षणाच्या पुस्तकात या सरावाला फार जागा मिळत असेल असे वाटत नाही. मला मात्र संपूर्ण वर्गातील सर्वाधिक मोलाचा तास हाच वाटतो. अर्थात आगाऊ घेतलेली रक्कम हेही एक देणेच आहे, कामाच्या रूपात फेडायचे. ती दुसऱ्या कामासाठी किंवा घरासाठी खर्चून बसलेला माणूस कर्जदारापेक्षा वेगळा राहत नाही, हे त्याच तासाला सांगावे लागते.

याच्या उलट बाजूची उधारी अधिक घातक असते. स्वतः कर्ज न घेणारा व्यावसायिक दुसऱ्याला उधार माल देतो तेव्हा तो बिनव्याजी सावकार झालेला असतो, आणि तेही स्वतःजवळ नसलेल्या भांडवलावर. 'उधारीचे पोते सव्वा हात रिते' असे जुने लोक म्हणत. मी पाहिलेले कित्येक बिनकर्जी व्यवसाय मालाला उठाव होता तरी बंद पडले, कारण वहीत येणे वाढत गेले आणि नवा माल आणायला हातात रोकड उरली नाही. वहीवर नफा आणि गल्ल्यात खडखडाट, ही स्थिती नव्याने सुरुवात करणाऱ्याला फार गोंधळात टाकते. इंग्लंडमधील रॉचडेल या गावी १८४४ मध्ये २८ कामकऱ्यांनी प्रत्येकी एक पौंड साठवून सहकारी भांडार उघडले, तेव्हा मोजके चार-पाच जिन्नसच त्यांना ठेवता आले, आणि विक्री केवळ रोखीने करायची हा नियम त्यांनी पहिल्यापासून कसोशीने पाळला. उधारीवर चालणारी आधीची अनेक भांडारे बुडालेली त्यांनी पाहिली होती. पुढे नफ्यातील अडीच टक्के ते शिक्षणासाठी बाजूला ठेवू लागले. आजच्या सहकारी चळवळीचे मूळ या भांडारात मानले जाते. वर्गांचा खर्च कोणी करावा, या प्रश्नाला त्यांचे हे उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे, आणि त्याकडे मी पुढे येतो.

हिशेब किती शिकवावा, याबद्दल माझ्यासारख्या हिशेबनीसाने हात आखडता घ्यायला हवा. डॉमिनिकन प्रजासत्ताकात लहान व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर लेखापद्धती शिकवण्यात आली आणि दुसऱ्या गटाला मोजके ढोबळ नियम. अलेहांद्रो ड्रेक्सलर, ग्रेग फिशर आणि अँटोइनेट शोअर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार ढोबळ नियम शिकलेल्यांच्या हिशेबात आणि व्यवहारात स्पष्ट सुधारणा दिसली, रीतसर लेखापद्धती शिकलेल्यांत ती तशी दिसली नाही. त्यातला एक नियम असा होता की, धंद्याचे आणि घरचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवायचे आणि एका खणातून दुसऱ्यात पैसे न्यायचे झाले तर तेथे चिठ्ठी लिहून ठेवायची. मी वर्गात ताळेबंद शिकवण्याचा हट्ट धरणाऱ्यांपैकी आहे, पण या चिठ्ठीपुढे माझा ताळेबंद मागे पडतो हे मान्य करायला हवे. महिन्याच्या शेवटी धंद्याच्या खणात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या निघाल्या की भांडवल कोणी खाल्ले, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या जोडीला रोजमेळाची एक साधी वही, आज आलेले, आज गेलेले आणि आज शिल्लक, एवढी पुरते. हा प्रयोग ज्या व्यावसायिकांवर झाला ते सूक्ष्मकर्ज देणाऱ्या एका बँकेचेच ग्राहक होते, हेही नमूद करतो, नाही तर आपल्या सोयीची बाजू तेवढी मांडल्यासारखे होईल. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली चांगले काही शिकवले जाऊच शकत नाही, असा माझा दावा नाही. ज्याला कर्ज नको आहे त्याने ते शिकायला तिच्या दारात का जावे, एवढाच प्रश्न आहे.

छुप्या कर्जाविषयी वर्गात स्पष्ट बोलणे आवश्यक असते, कारण 'मी कर्ज घेतलेले नाही' असे सांगणाऱ्या अनेकांच्या अंगावर कर्ज असतेच. नातेवाइकाकडून आणलेली रक्कम, गहाण ठेवलेला दागिना, पुरवठादाराकडून तीस दिवसांच्या वायद्यावर उचललेला माल, क्रेडिट कार्ड, थकवलेले भाडे, या सर्वांना माणूस कर्ज म्हणत नाही. अमेरिकेत झपाट्याने वाढलेल्या खासगी कंपन्यांच्या १९८९ च्या यादीतील शंभर कंपन्यांच्या संस्थापकांशी बोलून अमर भिडे यांनी १९९२ मध्ये जो लेख लिहिला, तो या संदर्भात नेहमी उद्धृत होतो. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक कंपन्या संस्थापकांनी स्वतःच उभारलेल्या पैशावर सुरू झाल्या होत्या आणि प्रारंभीच्या भांडवलाचा मध्यक (निम्म्या कंपन्या ज्याच्या खाली आणि निम्म्या वर, तो आकडा) केवळ दहा हजार डॉलरच्या आसपास होता. ऐकायला हे फार उमेद देणारे आहे. पण त्या 'स्वतःच्या' पैशात बचतीबरोबर क्रेडिट कार्ड आणि घरावरचे दुसरे गहाणही होते, हे सांगायचे बहुतेक वक्ते विसरतात. बिनकर्जी व्यवसायाच्या यशोगाथा सांगणाऱ्यांना मी नेहमी हाच प्रश्न विचारतो: पहिल्या वर्षी घर कोणाच्या पगारावर चालले? उत्तर मिळाले तरच ती गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगाची ठरते.

सगळेच व्यवसाय कर्जाविना सुरू होऊ शकतात असे सांगणे ही फसवणूक होईल. शीतगृह, छापखाना, मालवाहतूक, जेथे पहिल्या दिवसापासून मोठी यंत्रे लागतात तेथे केवळ बचतीवर उभे राहायला आयुष्य जाईल. दुरुस्ती, शिवण, शिकवणी, भाषांतर, लेखन-मुद्रण, स्वच्छता, बागकाम, रुग्णसेवा यांसारखी श्रमावर आणि कसबावर चालणारी कामे मात्र अल्प भांडवलात सुरू होतात. वर्गात आलेल्याचा बेत पहिल्या प्रकारातला असेल, तर त्याला तसे स्पष्ट सांगावे. त्याच क्षेत्रात आधी काही वर्षे नोकरी करण्याचा सल्लाही द्यावा. व्यवसाय करू नये असा निर्णय घेऊन एखादा वर्गातून उठला, तर त्याचे प्रशिक्षण वाया गेले असे मी मानत नाही. त्याची बचत वाचली. अहवालात मात्र यासाठी रकाना नसतो.

प्रशिक्षणाने फरक पडतो का, ही शंका रास्त आहे, कारण केवळ प्रमाणपत्रे वाटणारे वर्ग उदंड आहेत. अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी विकसनशील देशांतील अभ्यास एकत्र तपासून २०२१ मध्ये जो अंदाज मांडला, त्यानुसार अशा प्रशिक्षणाने विक्री आणि नफा सरासरी पाच ते दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे चमत्कार होत नाही, पण काहीच होत नाही असेही नाही. पद्धत बदलली तर फरक पडतो, हे टोगोमधील लोमे येथील प्रयोगात दिसले. तेथे १,५०० लहान व्यावसायिकांचे तीन गट करण्यात आले. एकाला हिशेब, विपणन वगैरे नेहमीचे विषय शिकवले, दुसऱ्याला आपणहून संधी शोधणे, पुढचा विचार करणे, अडचणीत चिकाटी धरणे यांचे मानसशास्त्रावर आधारित प्रशिक्षण दिले, आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटातील वाढ ११ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याजोगी नव्हती. येथे एक बाब सहज नजरेआड होते. दोन्ही गटांत वर्ग संपल्यावर प्रशिक्षक पुढचे काही महिने प्रत्येकाच्या व्यवसायाच्या जागी जाऊन भेटत राहिले. आमच्या वर्गात मी पाहतो ते असे की, वर्गात पटलेली गोष्ट पहिल्या अडचणीला विसरली जाते, आणि ती आठवून द्यायला कोणी दारात आले तरच ती टिकते. मोफत वर्गांत नेमका हाच भाग पैशाअभावी गाळला जातो, कारण त्याचे उद्घाटन होत नाही आणि छायाचित्रही निघत नाही.

मग हे काम कोणी करावे? शिकवण्यासाठी माणसे मिळू शकतात. अमेरिकेत १९६४ पासून 'स्कोर' या संस्थेमार्फत निवृत्त आणि कार्यरत व्यावसायिक नवोदितांना विनामूल्य मार्गदर्शन करीत आले आहेत. अभ्यासक्रमही नव्याने रचायला नको; आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 'स्टार्ट अँड इम्प्रूव्ह युवर बिझनेस' हा कार्यक्रम शंभराहून अधिक देशांत वापरला गेला आहे आणि त्यात व्यवसायाची कल्पना निवडणे हा स्वतंत्र, आधीचा टप्पा ठेवलेला आहे. जागा ग्रंथालयाची, शाळेची किंवा समाजमंदिराची चालते. राहतो तो भेटींचा, छपाईचा आणि पाळणाघराचा खर्च. तो रॉचडेलच्या धर्तीवर आधीच्या तुकड्यांतील स्थिरावलेल्या व्यावसायिकांनी थोडा थोडा उचलावा, आणि कमी पडेल तेथे सार्वजनिक निधीतून यावा, असे मला वाटते. नायजरमध्ये १९९१ मध्ये 'केअर' या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने सुरू केलेल्या बचत गटांची रीतही येथे उपयोगी पडेल: सदस्यांनी ठराविक काळ बचत जमा करायची, गरजूला त्यातूनच उसने द्यायचे आणि साधारण वर्षअखेर सगळी रक्कम व्याजासह सदस्यांत वाटून टाकायची. कडक अर्थाने हेही कर्जच झाले, आणि आमच्या वर्गात त्यावरून वाद होतात. माझ्या मते जे व्याज आपल्याच गटात परत येते आणि जे बाहेर जाते, त्यांत फरक केला पाहिजे. पण ज्याला अजिबात देणे नको आहे त्याच्यावर ही रीतही लादू नये.

आपल्या दैनिकाला एक विनंती करून हे पत्र पुरे करतो. स्थानिक कार्यक्रमांच्या सदरात आपण अशा मोफत वर्गांच्या सूचना छापता, त्या छापताना आयोजकांकडून चार गोष्टी विचारून घेऊन सोबत द्याव्यात: खर्च कोण करतो आहे, वर्गात कर्जाचे अर्ज भरून घेतले जाणार आहेत का, वर्ग संपल्यावर भेटी होणार आहेत का, आणि लहान मुलांना सोबत आणता येईल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असले तर वर्गाची वेळ कोणतीही ठेवली तरी निम्म्या स्त्रिया दुसऱ्या दिवशी येत नाहीत, असे आमच्या पटावरून दिसते. आणि ज्या आयोजकाला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे छापून यावीशी वाटणार नाहीत, त्याची सूचना छापावी की नाही, हे ठरवणे आपल्या हाती आहे.

आपला विश्वासू,
एक हिशेबनीस वाचक